वेबसाइट कशात बनवायची? आधी हाताला किती कोड येतो ते बघा

गुहागर तालुक्यात माझ्या मामेबहिणीचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. तिची पहिली वेबसाइट मी बनवली, सगळा कोड हाताने लिहून. पानं हलकी होती, फोनवर झटकन उघडायची, होस्टिंगचा, म्हणजे साइट इंटरनेटवर ठेवायच्या जागेचा, खर्च शून्य. मला त्या कामाचा अभिमान होता. मग दिवाळीच्या सुट्टीत ताईचा फोन आला, "अरे, साइटवर अजून मागच्या वर्षाचाच दर आहे. पाहुणे दारात उभे आहेत, त्यांना काय सांगू?" मी प्रवासात होतो, लॅपटॉप घरी होता. काम एवढंच होतं की एक आकडा खोडून दुसरा लिहायचा. पण तो आकडा कोडच्या फाइलीत होता आणि ती फाइल उघडणं ताईला येत नव्हतं. तिने त्या कुटुंबाला जुन्याच दरात खोली दिली.

तेव्हापासून कुणी "वेबसाइट कशात बनवू?" असं विचारलं की मी आधी विचारतो, उद्या तिच्यात बदल कोण करणार? साइट बनते एकदा. ती चालवावी लागते रोज. ज्याला ती चालवायची आहे त्याला किती कोड येतो, यावर साधन ठरवायला हवं, आणि मी नेमकं तेच केलं नव्हतं.

पायरी १ : कागदावर दोन रकाने

संगणक उघडण्याआधी एक कागद घ्या. डाव्या रकान्यात साइटवरच्या न बदलणाऱ्या गोष्टी लिहा, उजव्या रकान्यात बदलणाऱ्या. होमस्टेचं उदाहरण घेतलं तर घराची माहिती, येण्याचा रस्ता, नकाशा, जेवणात काय मिळतं हे डावीकडे. दर, भरलेल्या तारखा आणि मोसमाचे फोटो उजवीकडे. उजव्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे ती किती दिवसांनी बदलणार आणि कोण बदलणार हे लिहा. ज्याचं नाव सगळ्यात जास्त वेळा येईल, पुढची परीक्षा त्याने द्यायची. उजवा रकाना रिकामाच राहिला, तर तुम्ही नशीबवान आहात. मग कुठलंही साधन चालेल.

पायरी २ : तीन प्रयोगांची परीक्षा

"थोडंफार कोडिंग येतं" या वाक्यावरून काहीच कळत नाही. कुणी कॉलेजात सी शिकलेलं असतं, कुणी एमएस-सीआयटी केलेलं असतं, कुणी यूट्यूबवर बघून एखादं पान बनवलेलं असतं. म्हणून हाताने करूनच बघा. प्रयोग चढत्या क्रमाने आहेत. जिथे अडाल तिथे थांबा, तुमची पायरी ती.

पहिला प्रयोग. नोटपॅड उघडा आणि एक मथळा, एक परिच्छेद, एक फोटो, एक दुवा एवढंच असलेलं पान एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेत, लिहा. फाइलच्या नावाला शेवटी डॉट एचटीएमएल लावून सेव्ह करा आणि क्रोममध्ये उघडा. टॅग, म्हणजे त्या भाषेतल्या खुणा, पाठ असायची गरज नाही, बघून लिहा. खरी परीक्षा पुढे आहे : फोटो दिसला नाही, तर तो का दिसला नाही हे तुम्हाला शोधता येतं का? नवख्याचा फोटो बहुतेक वेळा एकाच कारणाने हरवतो. कोडमध्ये लिहिलेलं नाव आणि फाइलचं खरं नाव जुळत नसतं. यातली एक खोच लक्षात ठेवा. विंडोज फाइलच्या नावातलं मोठं आणि लहान इंग्रजी अक्षर एकच धरतं. साइट ज्यांवर ठेवली जाते ते सर्व्हर बरेचसे लिनक्स या वेगळ्या प्रणालीवर चालतात आणि तिथे हा फरक मोजला जातो. म्हणून घरच्या संगणकावर नीट दिसणारा फोटो साइटवर चढवल्यावर गायब होतो आणि माणूस तासन्‌तास कोड तपासत बसतो.

दुसरा प्रयोग. त्याच पानावर दोन चौकोन करा. मोठ्या पडद्यावर ते शेजारीशेजारी दिसले पाहिजेत आणि फोनवर एकाखाली एक. यासाठी सीएसएस ही पानाचं दिसणं ठरवणारी भाषा लागते, त्यातही चौकोन ओळीत मांडणारा फ्लेक्सबॉक्स आणि पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलणारी मीडिया क्वेरी या दोन गोष्टी. क्रोममध्ये एफ-१२ दाबलं की उघडणाऱ्या खिडकीत फोनच्या आकाराचा पडदा निवडता येतो, तिथे बघा. चौकोन जागेवर बसेपर्यंत तुम्ही एकेक आकडा बदलून बघत राहिलात आणि शेवटी बसला तो का बसला हे सांगता आलं, तर तुम्हाला सीएसएस येतं असं धरा. योगायोगाने बसला असेल तर येत नाही. इथे स्वतःशी प्रामाणिक राहा, कारण पुढची निवड यावरच आहे.

तिसरा प्रयोग मनातल्या मनात करायचा. समजा, अशी दहा पानं आहेत आणि प्रत्येकाच्या माथ्यावर फोन नंबर आहे. नंबर बदलला. आता काय कराल? "दहाही फाइली उघडून बदलेन" हे उत्तर आलं, तर तिसरा प्रयोग तुम्हाला अजून जमलेला नाही. माथा एकाच ठिकाणी लिहायचा आणि दहा पानांनी तो तिथून उचलायचा, ही कल्पना डोक्यात बसलेली असेल आणि ती कशी अमलात आणायची हेही ठाऊक असेल, तर तुमच्यापुढे सगळी दारं उघडी आहेत.

पायरी ३ : कुठे अडलात त्यावरून साधन

पहिल्याच प्रयोगात अडलात तर कोडच्या वाटेला जाऊ नका, ओढून-सोडून पान बनवणारं साधन घ्या. गुगल साइट्स, विक्स, स्क्वेअरस्पेस ही त्यातली ठळक नावं. एमएस-सीआयटीत वर्डमध्ये तक्ता काढून फोटो बसवायला शिकलात तेवढं कौशल्य इथे पुरतं. माझा कल गुगल साइट्सकडे आहे, निदान पहिल्या साइटसाठी. ती फुकट आहे. उजवीकडच्या पट्टीतून मजकूर, फोटो, नकाशा, फॉर्म उचलून पानावर आणायचे. सजावटीचे पर्याय मोजकेच आहेत आणि नवख्याच्या हिताचं आहे ते : रंग निवडण्यात चार दिवस जात नाहीत. स्वतःचं डोमेन (साइटचा आपल्या नावाचा पत्ता) तिला जोडताही येतं.

तिची एक अडचण मात्र मोठी आहे. पानांत बदल करायला संगणकच लागतो, फोनवरून ते काम नीट होत नाही. त्यावरची तोड मला ताईच्या नव्या साइटमुळे सापडली. दरांचा तक्ता गुगल शीटमध्ये बनवायचा, शीट 'लिंक असलेला कुणीही बघू शकेल' अशी ठेवायची आणि पानात बसवायची. मग दर बदलायला साइट उघडावीच लागत नाही. फोनवर शीटचं अॅप उघडून आकडा बदलला की काही वेळात साइटवरही नवा आकडा दिसतो.

विक्समध्ये सजावट पुष्कळ, फोनसाठी अॅपही आहे. पण टेम्प्लेट, म्हणजे साइटचा तयार आराखडा, निवडताना घाई करू नका, कारण तयार साइटचं टेम्प्लेट नंतर बदलता येत नाही. दुसरं आवडलं तर साइट पुन्हा मांडावी लागते.

पहिला प्रयोग जमला, दुसरा नाही, अशी मंडळी सगळ्यात जास्त. त्यांच्यासाठी वर्डप्रेस. २००३ साली सुरू झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आज जगातल्या दर पाच वेबसाइटींपैकी दोनांच्या मागे आहे. त्याचा फायदा असा की अडचण कुठलीही असो, ती आधी कुणाला तरी आलेली असते आणि उत्तर लिहून ठेवलेलं असतं. नवख्यांचा गोंधळ नावापासून सुरू होतो. वर्डप्रेस डॉट कॉम ही सेवा आहे, होस्टिंग त्यांचं, बंधनंही त्यांची. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून मिळतं ते सॉफ्टवेअर. ते फुकट, पण होस्टिंग तुम्ही विकत घ्यायचं आणि अपडेट, बॅकअप, सुरक्षा हे सगळं तुमच्या गळ्यात. लोक "वर्डप्रेस फुकट आहे" म्हणतात तेव्हा दुसऱ्याबद्दल बोलत असतात आणि खर्च सांगायचा विसरतात.

वर्डप्रेसमध्ये रोजचं काम कोडशिवाय होतं. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून ब्लॉक एडिटर आहे : परिच्छेद, फोटो, तक्ता हे एकेक ठोकळे, एकाखाली एक रचायचे. अडचण येते ती थीममध्ये, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइलींत, हात घालताना. मथळ्याचा रंग आवडत नाही म्हणून नवखा थेट थीमच्या फाइलीत जाऊन बदल करतो. काम होतं. दोन महिन्यांनी थीमचं अपडेट येतं आणि त्याचा बदल पुसला जातो, कारण नव्या फाइली जुन्यांवर बसतात. असा बदल नेहमी 'अॅडिशनल सीएसएस'च्या चौकटीत लिहायचा किंवा चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर बसणारी आपली छोटी थीम, करून तिच्यात. आणि पीएचपीच्या (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिच्या) फाइलीला होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून हात लावायचा असेल तर आधी तिची प्रत काढून ठेवा. तिथे एक अर्धविराम राहिला तरी अख्खी साइट बंद पडू शकते.

प्लगिनच्या, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या जादा सोयींच्या, बाबतीत मी हात आखडता ठेवतो. संपर्काचा फॉर्म, बॅकअप, सुरक्षा, झालं. एका ओळखीच्या दुकानाच्या साइटवर मी एकतीस प्लगिन मोजले होते. ऐन गणपतीच्या आठवड्यात त्यातल्या एकाचं अपडेट दुसऱ्याशी भांडलं आणि ऑर्डरचं पान बंद पडलं. कुठला प्लगिन दोषी हे शोधायला एकेक बंद करून बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पैसे भरण्याआधी सराव करायचा असेल तर वर्डप्रेस प्लेग्राउंड आहे. ते ब्राउझरमध्येच चालतं, होस्टिंग लागत नाही, काही बिघडवलं तर खिडकी बंद करून पुन्हा सुरू.

दुसरा प्रयोग जमलेल्यांना वेबफ्लो आवडेल. त्यात माउसने काम होतं, पण पट्टीवरचे सगळे पर्याय सीएसएसचेच आहेत : मार्जिन, पॅडिंग, फ्लेक्स. सीएसएस येणाऱ्याला ते घरच्यासारखं वाटतं, न येणाऱ्याला विमानाच्या कॉकपिटसारखं. "कोड नको" या जाहिरातीवर भुलून जे थेट इथे येतात ते दोन दिवसांत कंटाळतात, असा माझा अनुभव आहे.

तिन्ही प्रयोग जमले तर व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर घ्या, साइट हाताने लिहा आणि गिटहब पेजेस या होस्टिंगवर चढवा. दोन्ही फुकट. पानं दहाच्या वर गेली की ह्युगो किंवा इलेव्हन्टीसारखं स्टॅटिक साइट जनरेटर, म्हणजे साच्यांतून पानं तयार करून देणारं साधन, लावा. माथा एकदा लिहायचा आणि सगळ्या पानांना तो लागतो. अशा साइटमागे डेटाबेस नसतो, पीएचपी नसतं, त्यामुळे घुसखोराला उचकटायला फारसं काही उरत नाही. मात्र त्याच कारणाने फॉर्म चालत नाही. तिथे गुगल फॉर्म बसवा किंवा व्हॉट्सअॅपचा दुवा द्या. आपल्याकडचे पाहुणे फॉर्म भरण्यापेक्षा व्हॉट्सअॅपवर "दोन खोल्या आहेत का?" असंच विचारतात.

आणि एआयला सांगून लिहून घेतलेला कोड? तो वापरायला हरकत नाही, पण त्याने तुमची पायरी बदलत नाही. जो कोड तुम्हाला वाचून कळत नाही तो बिघडला तर दुरुस्तही करता येत नाही.

जुन्या क्लासच्या पुस्तकांत फ्रंटपेज हे वेबपानं बनवायचं सॉफ्टवेअर भेटलं तर ते तिथेच ठेवा, मायक्रोसॉफ्टने ते कधीच बंद केलं आहे.

पायरी ४ : मराठीची चाचणी

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे. ही पायरी इंग्रजीतल्या कुठल्याच मार्गदर्शकात सापडणार नाही आणि मराठी साइटी इथेच विद्रूप होतात.

साधन पसंत पडलं की पैसे भरण्याआधी त्यात मराठीचा एक खरा परिच्छेद टाका. त्यात 'दऱ्या', 'कुटुंबातील', 'शुल्क', 'दृष्टी' असे शब्द असू द्या. मग पुढच्या गोष्टी बघा.

शिरोरेषा तुटते का? इंग्रजी टेम्प्लेटच्या मथळ्यांत अक्षरांमध्ये मुद्दाम जागा सोडलेली असते. इंग्रजीत ते रुबाबदार दिसतं. मराठी मथळा तिथे टाकला की प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरची रेघ वेगळी पडते, शब्दाचा दात पडल्यासारखं दिसतं. सेटिंगमध्ये 'लेटर स्पेसिंग' शोधा आणि शून्य करा. ते करायची सोय नसेल तर ते टेम्प्लेट सोडून द्या.

ओळी एकमेकींना घासतात का? वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी भिडत असेल तर ओळींमधलं अंतर वाढवा. टेम्प्लेटमध्ये ते दीडपट असेल तर मी पावणेदोनपट करतो.

फाँट कुठला लागतोय? बरेच देखणे इंग्रजी फाँट देवनागरी जाणतच नाहीत. मग ब्राउझर आपल्याकडचा कुठला तरी लावतो : विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, मॅकवर कोहिनूर. तुमच्या लॅपटॉपवर बघितलेली साइट पाहुण्याच्या फोनवर वेगळीच दिसते. त्यापेक्षा देवनागरी असलेला फाँट आपणच निवडा. गुगल फाँट्सवर मुक्ता, बालू, पॉपिन्स आहेत. 'तिरो देवनागरी मराठी' तर खास आपल्यासाठी केलेला आहे. त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श मिळतो, हिंदी वळणाचा नाही. काही फाँटांत दोन्ही वळणं असतात आणि पानाची भाषा मराठी असं कळवलं तरच मराठी वळण दिसतं. कोड लिहिणाऱ्याने पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा मराठी लिहायची; वर्डप्रेसमध्ये सेटिंगमधली साइटची भाषा बदलली की काम होतं.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारखीच वाचली जाणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, आहे का? छापखान्यातून आलेलं माहितीपत्रक श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फाँटमध्ये असेल, तर ते साइटवर टाकताच अक्षरांची खिचडी होते. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि नंतर रफार, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. हाताने पान लिहिणाऱ्यांनी माथ्यात यूटीएफ-८ ची, म्हणजे पान युनिकोडमध्ये आहे असं ब्राउझरला कळवणारी, ओळ विसरू नये.

पानाचा पत्ता कापला जातो का? ही वर्डप्रेसवाल्यांसाठी. मराठी मथळा दिला की पानाचा पत्ताही मराठीत तयार होतो. आतमध्ये मात्र देवनागरीतल्या एकेका चिन्हाचे, काना-मात्रा धरून, नऊ-नऊ वर्ण होतात आणि पत्त्याच्या त्या भागाला मर्यादा दोनशे वर्णांची. म्हणजे बावीस चिन्हांच्या आसपास पत्ता तुटतो. शिवाय व्हॉट्सअॅपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ दिसते. पत्ता रोमन लिपीत, छोटासा, आपल्या हाताने लिहा.

आणखी एक कळकळीचं सांगणं. दरपत्रक, पदार्थांची यादी, पत्ता हे फोटोत लिहून चिकटवू नका. फोटोतला मजकूर शोधात नीट सापडत नाही, दृष्टिहीन वाचकाच्या फोनला वाचून दाखवता येत नाही आणि बदलायचा झाला तर अख्खं चित्र पुन्हा बनवावं लागतं.

पायरी ५ : बाहेर पडायची वाट

घर भाड्याने घेताना करार वाचतो तसं इथे बघायचं. उद्या ही सेवा बंद झाली किंवा महागली, तर माझा मजकूर घेऊन मला बाहेर पडता येईल का? अॅडोबीचं म्यूझ नावाचं सॉफ्टवेअर कोड न येणाऱ्या डिझायनरांसाठीच होतं. २०१८ मध्ये कंपनीने ते थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि २०२० मध्ये आधारही बंद झाला.

वर्डप्रेसमधून सगळं उचलून दुसऱ्या होस्टकडे नेता येतं. हाताने लिहिलेली साइट तर फाइलींचं फोल्डरच आहे. स्क्वेअरस्पेसमधून पानं आणि लेख काही प्रमाणात बाहेर काढता येतात, सजावट राहते. वेबफ्लो पैसे भरणाऱ्यांना कोड देतं, पण त्यातला फॉर्म बाहेर चालत नाही. विक्सची साइट विक्सवरच राहते. हे ठाऊक असून विक्स घेणंही चूक नाही, चार पानांची साइट पुन्हा टंकायला एक दिवस लागतो. दोनशे पानांची मात्र तिथे बांधू नका. कुठलंही साधन घ्या, मजकुराची एक प्रत वर्डच्या फाइलीत आणि फोटो मूळ आकारात आपल्या संगणकावर ठेवाच.

डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. बनवून देणाऱ्याच्या खात्यावर नको, मग तो भाचा का असेना. पहिल्या वर्षाचा दर बघताना त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेला नूतनीकरणाचा दरही बघा. देवनागरीत डॉट भारत हे डोमेनही २०१४ पासून मिळतं. कौतुकाने जरूर घ्या, पण जोडीला एक रोमन लिपीतलं डोमेन ठेवा, कारण देवनागरी पत्त्यावरचं ईमेल अजून सगळीकडे स्वीकारलं जात नाही.

पायरी ६ : फोन दुसऱ्याच्या हातात द्या

दोन साधनं शेवटी उरली असतील, तर दोन्हींत एकच पान बनवा, दरांचं. मग पहिल्या पायरीत ज्याचं नाव आलं त्या माणसाला शेजारी बसवा आणि सांगा, "हा दर बदलून दाखव." तुम्ही गप्प बसायचं, बोट दाखवायचं नाही. तो कुठे थबकतो ते लिहून घ्या.

ताईला बसवलं तेव्हा गुगल साइट्समध्ये ती एकाच जागी अडकली. फोटो बदलला, लॅपटॉप मिटला आणि फोनवर साइट उघडून म्हणाली, "बदललाच नाही की!" 'पब्लिश' दाबल्याशिवाय बदल लोकांना दिसत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आता स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर एक चिठ्ठी आहे : दर – फोनवर, शीटमध्ये. फोटो – लॅपटॉपवर, शेवटी निळं बटण. दर तीच बदलते. मागच्या दिवाळीत तिने फोन केला तो घावन खायला कधी येतोस हे विचारायला.